कौलांच्या जागी निळे पत्रे

नकाशात आमचं तेरेखोल बघितलं की मला अजून हसू येतं. एका अंगाला नदी, एका अंगाला समुद्र आणि पाठीला महाराष्ट्र. गाव गोव्याचं, पण गोव्यात जायचं तर फेरीबोट. एवढ्याशा गावाचं समुद्रातलं पाणी ते किती असणार? त्यावरून होणारी भांडणं मात्र एखाद्या मोठ्या देशाला शोभतील अशी.

माझं माहेर याच किनाऱ्याला, थोडं उत्तरेला, म्हणजे सिंधुदुर्गात. तिथे दादा होडी घेऊन मासेमारीला जायचा, इथे माझा नवरा. मोठ्या बोटींवरून वाद पेटले तेव्हा दोन्हीकडच्या मच्छीमारांनी बसून ठरवलं की हद्द ओलांडणाऱ्याचं जाळं काढून घ्यायचं, मग तो कोणी का असेना.

आता पाण्यावर काही रेघ मारलेली नसते. म्हणून सगळे किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरायचे. त्या एकाखाली एक आल्या की मागे फिरायचं. मोबाइलवर हद्द दिसते म्हणतात, पण भिजतो म्हणून दादा फोन घरीच ठेवायचा. किल्ल्यातल्या चर्चचा क्रूस आणि त्याखाली उतारावरचं आमचं लाल कौलांचं घर, या त्याच्या खुणा. "तुझ्या घरावर क्रूस इलो की मी मागे फिरतंय," असं तो म्हणायचा. ते ऐकून मला उगाचच भाव चढायचा.

भाऊबिजेला तो जाळं घरी ठेवून होडीनेच यायचा. अनवाणी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात पहाटे मिळालेली मासळी. ओवाळायला पाटावर बसला तरी अंगाला खाऱ्या पाण्याचा वास यायचा. मी नाक मुरडायची आणि तो मुद्दाम आणखी जवळ सरकायचा.

एका उन्हाळ्यात आम्ही कौलं काढली. माकडं धुडगूस घालत होती आणि कौलं परतायला माणूस मिळत नव्हता. सगळ्यांनी घातले तसे आम्हीही निळे पत्रे घातले. छान दिसतात म्हणून मी आल्यागेल्याला अंगणात नेऊन दाखवत होते.

पावसाळ्यानंतर होड्या पुन्हा पाण्यात गेल्या. एका सकाळी खाली किनाऱ्यावर आरडाओरडा ऐकून मी धावले. आमच्या माणसांनी पलीकडची एक होडी ओढून आणली होती. त्यांच्यात माझा नवरा होता आणि पकडलेल्या होडीत दादा.

दादा भांडला नाही. डोळ्यांवर हात धरून वर उताराकडे बघत राहिला.

"गो बाय, तुझा घर खंय गेला?" तो म्हणाला. "लाल काय दिसलाच नाय, म्हणान पुढे पुढे इलंय."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो मान खाली घालून जाळं गोळा करत होता. "सगळ्या गावान ठरवलेला," तो पुटपुटला. "माजा एकट्याचा काय चालता?"

त्याचंही खरंच होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. रागावायचं तरी कुणावर? माकडांवर?

जाळं परत मिळालं नाही. दादाने पुढे होडी विकली आणि डिचोलीला खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लागला.

भाऊबीज त्याने चुकवली नाही. गेल्या वर्षी आधी फोन करून, मोटारसायकलवरून आला. पायांत बूट होते, ते दाराबाहेर नीट जोडीने काढले. पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसला. मग प्लॅस्टिकची पिशवी माझ्या हातात दिली. आत बांगडे होते, बर्फातले, शिळे, डोळे लालबुंद झालेले. माझ्या भावाने माझ्यासाठी मासळी विकत आणली होती.

"बाजारात हेच गावले," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

"चांगले आसत रे," मी म्हटलं आणि पिशवी घेऊन मागीलदारी गेले. ते साफ करताना नळ मोठा सोडून पोटभर रडले.

नवरा आता म्हणतो, आपण पुन्हा कौलं घालू. घालू की. पण ती बघायला समुद्रात कोण आहे?