पाय उचलू नकोस

आमच्या घरात ‘ट्रक’ हा शब्द सासऱ्यांना चालत नसे. ते ‘ती वस्तू’ म्हणत. ठाण्याच्या शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवलेला माणूस. थोरल्या मुलाने, म्हणजे ह्यांनी, कचेरीतली कायमची नोकरी सोडली आणि महायुद्धानंतर लष्कराने कल्याणला विकायला काढलेला ट्रक घेतला, हे त्यांना कधीच पटलं नाही. हे त्यातून विटा आणि रेती वाहायचे.

एकदा माजिवड्याजवळ भरल्या गाडीच्या ब्रेकची गंजलेली नळी फुटली. ह्यांनी गिअर पाडत पाडत गाडी कडेच्या खडीच्या ढिगात घातली. कपाळावर खोक घेऊन घरी आले.

“आता तरी विकून टाक,” सासरे म्हणाले.

ह्यांनी गाडी ओढून आणवली आणि दारासमोरच तिच्याखाली शिरून एकेक नळी बदलायला लागले. नळ्या बसल्या, पण ब्रेकचं पेडल दाबलं की लोण्यात पाय घातल्यासारखं खाली जायचं. नळ्यांत हवा अडकली होती. ती काढायला दोघं लागतात, एक पेडलवर आणि एक चाकाशी. माझे धाकटे दीर मदतीला निघाले होते, तोच वरच्या गॅलरीतून सासऱ्यांचा आवाज आला, “तू त्या वस्तूला हात लावायचा नाहीस.” दीर मुकाट्याने आत गेले. ह्यांनी दोन शेजाऱ्यांना हाका मारल्या. दोघांनाही नेमकी तेव्हाच कामं आठवली.

मी पदर कमरेला खोचला आणि ड्रायव्हरच्या जागेवर चढून बसले. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती.

चाकामागे हवा काढायचा, पान्याने उघडझाप करता येणारा एक लहानसा निपल असतो. ह्यांनी त्याला रबरी नळी लावून तिचं टोक तेलाच्या बाटलीत बुडवलं.

“दाब,” खालून आवाज आला.

“दाबलंय.”

“आता मी निपल उघडतो. पेडल तळाला जाईल, जाऊ दे. पण मी सांगेपर्यंत पाय उचलू नकोस. उचललास तर हवा उलटी आत शिरेल.”

पेडल खाली गेलं. बाटलीत बुडबुडे फुटल्याचा आवाज मला वरपर्यंत आला. निपल बंद, पाय वर, पुन्हा दाब. मधेच हे उठून टाकीत ब्रेकचं तेल ओतत, की पुन्हा तेच. गल्लीतल्या बायका गॅलऱ्यांत जमल्या. कोणीतरी हसलं. माझे कान तापले, पण मी समोरच्या काचेवरून नजर हलवली नाही.

मग सासरे स्वतः खाली आले. गाडीच्या दाराशी उभे राहिले.

“सूनबाई, घरात चला.”

पेडल तेव्हा तळाला होतं आणि निपल उघडा होता.

“मामंजी, मला पाय उचलता येत नाही.”

“मी सांगतोय, उतरा.”

“हे सांगतील तेव्हा उचलेन.”

खालून येणारा पान्याचा आवाज थांबला होता. मी पाय तसाच तळाला दाबून धरला. सासरे बघत राहिले आणि मीही त्यांच्याकडे बघत राहिले. यापूर्वी मी त्यांच्या डोळ्याला डोळा कधी दिलाच नव्हता.

“बंद,” हे म्हणाले. पान्याने निपल आवळला गेला. मी पाय उचलला आणि लगेच पुन्हा ठेवला. सासरे वळले आणि जिना चढून गेले.

शेवटचं चाक झालं तेव्हा पेडल दगडासारखं घट्ट लागलं. “बघू, उतर आता,” हे म्हणाले.

“का? ब्रेक लागतो की नाही ते मला बघायचंय.”

हे पहिल्यांदा हसले. मी शेजारच्या सीटवर सरकले. सगळ्या गॅलऱ्यांसमोरून आम्ही खोपट भागापर्यंत गेलो. वाटेत ह्यांनी तीनदा जोरात ब्रेक मारला आणि तिन्ही वेळा गाडी जागच्या जागी उभी राहिली.

त्या संध्याकाळी सासरे पानावर बसले नाहीत. सासूबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, “जा, पाया पड त्यांच्या.”

“कशाबद्दल?” मी विचारलं. हात धुतले, ह्यांना वाढलं आणि मग स्वतः पोटभर जेवले.