पारासमोरची बाकं

नवरा गेणू गेला तेव्हा धोंडाबाई रडली नाही. दहाव्याला नाही, वर्षश्राद्धालाही नाही. शेळगावानं याची फार काळजी केली. दुसऱ्याच्या घरातलं रडणं मोजायला आमच्या गावाला नेहमीच सवड असते. धोंडाबाई मात्र म्हशीची धार काढायची, सकाळ-संध्याकाळ डेअरीवर दूध आणायची आणि कुणी विचारलंच तर "बरं हाय" म्हणायची. मी त्या डेअरीत दूध मापतो. तिच्याकडं बघून वाटायचं, घर उघडं टाकून आतलं माणूस कुठंतरी निघून गेलंय. फार वाईट वाटायचं.

त्याच सुमाराला डेअरीसमोर, कडुलिंबाखाली, बायकांसाठी बसायची जागा झाली. आमच्या गावचाच ऋषिराज पुण्यात आर्किटेक्ट झालाय, त्यानं ती आखली. पाडलेल्या शाळेचे दगड वापरले, सिमेंट जेमतेम, आणि डेअरीत कॅन धुतलेलं पाणी नव्या झाडांना. काम नामी झालं. सगळ्या गावाला विचारून केलं म्हणे. सगळं गाव म्हणजे पुरुष. त्यामुळं बाकांची तोंडं झाली थेट देवळाशेजारच्या पाराकडं. पारावर दीर-सासरे बसतात. तिथून जाताना सुना डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून जातात. त्यांच्या समोरासमोर बाकावर बसणार कोण? बायका आपल्या पूर्वीसारख्याच भिंतीला टेकून उन्हात उभ्या आणि बाकांवर कुत्री झोपलेली. बघून माझं डोकं फिरायचं.

एका संध्याकाळी दुधातलं फॅट मोजायचं मशीन बंद पडलं, रांग खोळंबली. धोंडाबाईनं किटली खाली ठेवली आणि सरळ जाऊन बाकावर बसली. धीट झाली म्हणून नव्हे. लाज वाटावी इतकंही तिच्या आत काही उरलं नव्हतं. समोर पारावर तिचे थोरले दीर झुंबरतात्या होते.

लग्न होऊन आल्यापासून तिनं पाराकडं मान वर करून पाहिलं नव्हतं. आता पाहत बसली. पार गच्च भरलेला, दोघं-तिघं कडेला उभे, तरी तात्यांच्या डाव्या हाताला एका माणसापुरती जागा मोकळी.

रांगेतली सारजा गावची लेक, तिला पाराकडं बघायची चोरी नाही. धोंडाबाईनं तिला खुणेनं जवळ बोलावलं.

"तात्यांच्या शेजारी कुणी का बसंना?"

"तितं गेणूआबा बसायचं," सारजा म्हणाली. "तात्या कुणाला बसू देत न्हाईत."

नवरा रोज पारावर जातो एवढंच धोंडाबाईला ठाऊक होतं. कुठं बसतो, ते तिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ती त्या जागेकडं बघत राहिली. मग तिनं तोंडाला पदर लावला, खांदे हलायला लागले आणि पाठोपाठ आवाजही फुटला. सारजा तिला धरून शेजारी बसली. भिंतीजवळची एकेक बाई निघाली आणि बाकांवर येऊन बसली, दीर-सासरे सगळे समोर असताना.

मशीन केव्हाच सुरू झालं होतं. मी कुणाला हाक मारली नाही. पारावर झुंबरतात्या जागचे उठले नाहीत. त्यांनी तोंड देवळाकडं फिरवलं आणि डावा हात त्या मोकळ्या जागेवर ठेवला.