ताई आज आमच्या गावावरून गेली

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट सांगतो.

माझी ताई नोकरीला जर्मनीत असते. काल रात्री ती कंपनीच्या कामासाठी फ्रँकफर्टहून सिंगापूरला निघाली. दहा हजार किलोमीटर, बारा-तेरा तासांचा प्रवास.

चहा पिताना हे बाबांना सांगितलं, तर त्यांनी एसटीबद्दल विचारावं तसं विचारलं, "मधी आपलं गाव लागतं का?"

मला हसू आलं. तरी मोबाईलवर विमानाचा नकाशा उघडला. विमान सरळ आमच्याकडंच येऊन राह्यलं होतं.

आम्ही दोघं अंगणात जाऊन उभे राहिलो. पांढरी रेघ ओढत ते बराबर डोक्यावरून गेलं. आवाज मागून आला.

"किती वर असंल?"

"अकरा किलोमीटर."

बाबांनी रेघ पुसट होईपर्यंत पाह्यली. मंग म्हणाले, "जाफराबाद चौदा हाय. म्हंजी त्याच्यापेक्षा जवळ आल्ती."

आणि कपाशीकडं निघून गेले.

दुपारी ताईचा मेसेज आला, 'पोचले. वाटेत झोपच लागली.' बाबांना वाचून दाखवला. म्हणाले, "बरं झालं. दमली असंल."

तीन वर्षांनी ताई गावाकडं आल्ती. तुम्हीच सांगा, याला आली म्हणायचं का?