आईची पाठ

आमची आई शेवटच्या वर्षांत वाकत गेली. आधी खांदे पुढे आले, मग मानेखाली उंचवटा दिसायला लागला. पुढे पुढे तर तिचं लुगडं समोरून जमिनीला लोळायचं आणि मागून घोट्याच्या वर चढायचं. मी जळगावला नोकरीला. पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावी गेले की दर खेपेला ती आणखी थोडी बुटकी झालेली असायची.

शेवटी तिला जळगावला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरून दाखवला. मणका चौकोनी असायला हवा. आईचे मणके पुढच्या बाजूने चेपून पाचरीसारखे झाले होते. "हाडं आतून विरळ झालीत. जोरात खोकलं तरी मणका दबेल," ते म्हणाले. वयामुळे होतं म्हणे. जन्मभर कापूस वेचलेल्या आईला काही ते पटलं नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "कापूस वेची वेची व्हयनं हाई." मला संताप आला. डॉक्टरांचा, कापसाचा, की तिचा, तेही कळेना.

गोळ्या सुरू झाल्या, पण वाकलेली पाठ वाकलेलीच राहिली. उताणं झोपणं तर तिचं कधीच बंद झालं होतं. एका कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजायची.

त्यातच गल्लीतली तिची एक मैत्रीण वारली. तिलाही असंच पोक होतं. तिरडीवर तिची पाठ टेकेना, म्हणून माणसांनी छातीवर जोर देऊन तिला सरळ केलं. हाड मोडल्याचा आवाज आईने ऐकला. घरी येऊन ती जेवली नाही. मी गेले तेव्हा माझा हात धरून म्हणाली, "मी मरसू तव्हय माले कोणले दाबू देऊ नको."

"अगं, मेलेल्याला काय कळतंय?"

"तू मरी पाह्यं का?"

मला हसू आलं. तिला आलं नाही. मग मात्र मी नीट शब्द दिला.

गेल्या हिवाळ्यात ती झोपेतच गेली. मी पोचले तेव्हा अंगणात तिरडी बांधून तयार होती आणि आई थंडगार, ताठ झालेली. आमच्या गल्लीत कुणीही गेलं तरी शेजारचे आबाच सगळं पाहतात. त्यांनी तिला तिरडीवर उताणं ठेवायला सांगितलं. ठेवलं, तर डोकं अधांतरी. पाठीची कमान बांबूवर डुगडुगायला लागली. एकाने खांदे धरले, दुसऱ्याने तिच्या छातीवर टेकायला आपला गुडघा उचलला.

"थांबा," मी म्हटलं. "तिला दाबायचं नाही."

"पोरी, मरेल माणूसले काय दुखस?" आबा म्हणाले. त्यांचं काही चुकत नव्हतं. मीही आईला तेच म्हटलं होतं.

"तिने सांगून ठेवलंय."

"मग काय, अशी वाकडी नेऊ? रीत नही ती."

मी भावाकडे पाहिलं. तो खाली मान घालून उभा. लहानपणापासून याचं हेच. भांडण आलं की हा भिंत होतो. माझा आवाज मुळात मोठा, चिडले की गल्लीच्या टोकाला जातो. त्या दिवशी मात्र मी ओरडले नाही. मी तिरडीशी बसले आणि आईच्या पाठीखाली हात घातला. आता दाबायचं तर माझा हातही चेपला असता.

आबांनी खांदे धरणाऱ्याला मागे सारलं. मग म्हणाले, "कुशीवर ल्या तिले."

कुशीवर घेतलं, गुडघे पोटाशी, ती निजायची तशी. सुतळीने बांधलं, पण उचलल्यावर ती मागे कलायला लागली. पाठीला कुणीतरी हात लावून चालायला हवं होतं. भावाला तर विस्तवाचं मडकं घेऊन पुढे चालायचं होतं.

"मी धरते," मी म्हटलं.

बायकांत कुजबुज झाली. आमच्याकडे बायका वेशीपर्यंतच जातात. आबांनी मागे वळून पाहिलं, पण नको म्हणाले नाहीत.

खांदेकरी चालायला लागले. मी बाजूने, हात वर करून तिच्या पाठीला लावलेला. पांढऱ्या कापडाखालून मणके तळव्याला एकेक लागत होते. पुढून चेपलेले असतील, पाठीमागून नुसते टोकदार लागत होते. ती जिवंत असताना मी तिच्या पाठीवरून कधी इतका वेळ हात फिरवला नव्हता. रस्त्यात खड्डा आला की ती माझ्या हातावर रेलायची. तेव्हा मी रडले, हात न काढता, नाक तसंच वाहू देत.

सरणावरही तिला कुशीवरच ठेवलं. हात भरून आला होता, पण मी तो तिच्या पाठीशी तसाच धरून उभी राहिले. आबांनी स्वतः एक जाड ओंडका आणून तिच्या पाठीला लावला, हलवून पाहिला.

"आते सोड, पोरी," ते म्हणाले. "ती पडाव नही."