नऊ नंबरचं ब्लाउज

माझा फॅशनचा व्यवसाय एकूण सत्तेचाळीस दिवस चालला, आणि त्यातले नऊ दिवस पाटीवर काय लिहायचं यात गेले.

'वसुधा लेडीज टेलर' हे नाव माझ्या मुलीला ऐकवेना. तिने सुचवलेलं 'वसुधा क्रिएशन्स' आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना समजेना. त्यांनी लेखी विचारलं की क्रिएशन म्हणजे नेमकं काय होणार आहे, आणि त्याने जिन्यात गर्दी होईल का. (सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत पाटी लावायला परवानगी लागते आणि ती न देण्याला कारण लागत नाही.) शेवटी ती पाटी आत बैठकीच्या खोलीत लागली, शिलाई मशीनच्या बरोबर वर. ती फक्त मला आणि दूधवाल्याला दिसायची.

शिवणाची आवड मला लग्नाच्या वेळेपासूनची. शनिवार पेठेत एक बाई शिवणाचा क्लास घ्यायच्या, तिथे मी वर्षभर गेले. त्यांचा एकच नियम होता. पहिल्या वेळी सैल कापायचं, कारण सैल असेल ते आत घेता येतं. मी नियम इतका मनापासून पाळला की माझं पहिलं ब्लाउज बघून बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तो बराच वेळ परत घातला नाही. पुढे ते ब्लाउज मी बोहारणीला देऊन टाकलं. बदल्यात तिने चहाची गाळणी दिली, यावरूनच ती बाई मनाने किती मोठी असेल ते कळतं. त्यानंतर मात्र हात बसत गेला. मुलीचे परकर, सासूबाईंचे झंपर, शेजारणींचे फॉल-पिको, सगळं मीच करायची, आणि सगळे म्हणायचे की वसुधा, तू व्यवसाय का नाही करत?

असलं बोलणाऱ्यांवर खरं म्हणजे खटलाच भरायला हवा.

विम्याच्या ऑफिसात मी एकोणीस वर्षं क्लेमच्या फायली तपासत होते. एक दिवस धीर करून राजीनामा लिहिला आणि आमच्या मॅडमपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मी फॅशनच्या क्षेत्रात उतरते आहे, असं मी सांगितलं. मॅडमनी मला खालपासून वरपर्यंत नीट बघितलं.

"तुमची खुर्ची दोन महिने ठेवते," त्या म्हणाल्या.

"कशाला, मॅडम?"

"असू दे."

त्या 'असू दे'ने माझ्या जिवाला घोर लावला. आता त्या खुर्चीवर परत जाऊन बसायचं नाही, मग पुण्यातल्या समस्त बायकांना उसवून पुन्हा शिवावं लागलं तरी चालेल, असं मी मशीनवर हात ठेवून ठरवलं.

पहिली ऑर्डर घरातूनच आली. माझी नणंद सुनंदाताई मंगळागौरीच्या खेळांचा ग्रुप चालवते. बारा जणींचा ग्रुप, त्यात मीही आहे. मागच्या रांगेत, डावीकडून शेवटची. श्रावणात कात्रजच्या एका मंगल कार्यालयात स्पर्धा होती, आणि या वर्षी सगळ्यांची खणाची एकसारखी ब्लाउजं हवीत, असं ताईने जाहीर केलं. मी म्हटलं, मी शिवते. ताई म्हणाली, "नक्की ना? मला लोकांना तोंड दाखवायचंय." या ग्रुपमधल्या प्रत्येकीला लग्नाच्या वयाची मुलं होती. ही एक ऑर्डर नीट पार पडली की पुढची दहा वर्षं मला मान वर करायला फुरसत मिळणार नव्हती.

मी टेप घेऊन तालमीला गेले आणि एका मिनिटात टेप घेऊन परत आले. आमच्याकडे बाई शिंप्याला अंगाचं माप देत नाही, मापाचं ब्लाउज देते. टेप म्हणजे चौकशी! सुनंदाताईने तर मला चारचौघींत सुनावलं की तिच्या टेलरने पस्तीस वर्षांत तिला टेप लावलेली नाही. मी मुकाट्याने प्रत्येकीकडून मापाचं ब्लाउज घेतलं, त्यावर तिच्या नावाची चिठ्ठी टाचणीने लावली आणि सगळी चळत टोपलीत घालून घरी आणली.

आता आमचे हे. हे भोसरीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहेत. कारखान्यातून जाणारा प्रत्येक नग ह्यांच्या नजरेखालून जातो, आणि घरातलाही. टाचणीने कापडाला गंज लागतो आणि चुरगळलेल्या कपड्याचं माप चुकतं, हे दोन दोष ह्यांना टोपली बघताक्षणी दिसले. मी दुपारी अस्तर आणायला गेले असताना ह्यांनी सगळ्या टाचण्या काढल्या, चिठ्ठ्यांवरची नावं वहीत क्रमाने लिहिली, ब्लाउजं त्याच क्रमाने रचली आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे दिली.

इस्त्रीवाल्याने ती सुंदर इस्त्री करून, रंगाप्रमाणे लावून परत पाठवली.

"वही आहे ना," हे म्हणाले.

वही होतीच. वहीत बारा नावं होती, ठळक अक्षरात, समास सोडून. समोर बारा ब्लाउजं होती, कडक इस्त्रीची. कुठलं कुणाचं हे देवालाही सांगता आलं नसतं. मी मशीनपाशी खाली बसले आणि खरंच रडले. हे वहीत 'सुधारणा' असा नवा रकाना आखत होते.

मग मी (माझी बुद्धी कुठे गेली होती कोण जाणे) बारा ब्लाउजं सतरंजीवर मांडली, प्रत्येकाजवळ आकडा ठेवला आणि फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, कृपया आपापलं ओळखून नंबर कळवावा.

दहा मिनिटांत पाच जणींनी चार नंबर सांगितला. चार नंबरचं ब्लाउज त्या सगळ्यांत चिमुकलं होतं. ते माझ्या बारावीतल्या पुतणीलाही दमानेच चढलं असतं. त्यावर हक्क सांगणाऱ्यांत गोखलेकाकू होत्या, ज्यांना रिक्षात बसवताना आम्ही दुसरी रिक्षा बोलावतो. आणखी चौघींनी सात नंबर सांगितला, तो चारचा थोरला भाऊ शोभेल असा. उरलेल्या दोघी दोन नंबरवर तुटून पडल्या, त्यांतली एक माझी नणंद. बाकी नऊ ब्लाउजं तिथेच सतरंजीवर अनाथ पडून राहिली.

त्यांतलं नऊ नंबरचं तर बघवत नव्हतं. जांभळं, विटलेलं, तंबूएवढं. वर त्याच्या दोन्ही बाह्या उलट्या बसवलेल्या, डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे. ग्रुपवर त्याची यथेच्छ टिंगल सुरू झाली. कुणी विचारलं, हे ब्लाउज आहे की पेटीचं कव्हर? मीही व्यावसायिक म्हणून माझं मत नोंदवलं. "हे ज्या टेलरने शिवलं त्याच्या हातातून कात्री काढून घ्यायला हवी." त्यावर सतरा हसरे चेहरे आले, आणि ग्रुपमध्ये आम्ही बाराच जणी आहोत.

एकेकीला फोन करून विनवण्या केल्या. काकू, चार नंबर नक्की तुमचाच का? काकू दुखावल्या. मग मी नंबरांची बेरीज केली. पाच, चार आणि दोन, म्हणजे अकरा. ग्रुप बारा जणींचा, म्हणजे एक जण गप्प बसली होती. कोण गप्प बसली हे वहीत बघितलं असतं तर लगेच कळलं असतं, पण मी बघितलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं हो. बिचारीने मापाचं म्हणून खरं ब्लाउज दिलं, एवढ्या जणींत तीच एक प्रामाणिक, आणि आम्ही सगळ्यांनी तिची थट्टा केली. तिला उघडं पाडायचं नाही, गुपचूप नऊ नंबरच्या मापाने तिचं ब्लाउज शिवायचं आणि तिच्या पिशवीत सरकवायचं, असं मी ठरवलं. आयुष्यात क्वचितच मला स्वतःबद्दल इतकं चांगलं वाटलं असेल.

बाकीची अकराही मी त्या सांगतील तशी शिवली. अकरा जणींची मिळून तीनच मापं, माझा काय दोष! ट्रायलला या म्हटलं तर उत्तर आलं, मापाचं दिलंय ना, मग ट्रायल कशाला? त्यातून खणाचा पन्हा लहान. शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, ज्याला आम्ही माया म्हणतो, ती सोडायलाही जागा नव्हती.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी मंगल कार्यालयाच्या खोलीत मी ब्लाउजं वाटली. बायका आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने आतून जे आवाज आले ते मी बाळंतपणाच्या वॉर्डाबाहेर ऐकले होते. पण एकीनेही तक्रार केली नाही. करणार कशी? माप जिचं तिने दिलेलं! सगळ्या ताठ मानेने, श्वास वर ओढून, हात अंगाला चिकटवून बाहेर आल्या.

पिशवीत एक ब्लाउज राहिलं होतं. नऊ नंबरच्या मापाचं. मी खोलीभर नजर फिरवली. प्रत्येकीच्या अंगात ब्लाउज होतं. मी पुन्हा मोजल्या, अकरा. नवं ब्लाउज नसलेली त्या खोलीत एकच बाई उभी होती, आणि ती मोजत होती.

मी बाहेर धावले. हे मांडवात खुर्ची तपासून बसत होते.

"अहो, मी तर मापाचं ब्लाउज दिलंच नव्हतं. मग टोपलीत बारा कशी?"

"ग्रुप बाराचा, म्हणून वहीत तुझंही नाव लिहिलं. नावं बारा, नग अकरा," हे म्हणाले. "मोजणी जुळेना. म्हणून तुझं एक घातलं कपाटातून."

"माझं कुठलं?"

"तुझा पहिला नग. क्लासमधला. आमच्याकडे पहिला नग फेकत नाहीत."

"मी ते बोहारणीला दिलं होतं! गाळणी आली होती त्याची."

"ती माझ्या पँटीची आली," हे शांतपणे म्हणाले. "मी गाठोड्यातून ब्लाउज काढून पँट घातली होती. तू किती खूश होतीस ते शिवून झाल्यावर."

वीस वर्षं ह्या माणसाने ते जपून ठेवलं होतं. मला त्यांच्या गळ्यात पडावं की गळाच धरावा, ते कळेना. तेवढ्यात आमच्या ग्रुपचं नाव पुकारलं, म्हणून दोन्ही राहून गेलं.

मी आत जाऊन ते ब्लाउज चढवलं. आणि ते बसलं. कुठे चोळामोळा नाही, कुठे ढिलं नाही, जसं काही अंगावरच बेतलेलं. वीस वर्षांपूर्वी जे तंबूएवढं होतं, ते मी इतक्या वर्षांत कणाकणाने भरून काढलं होतं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण आठवलं की अजून घाम फुटतो. पहिल्याच फुगडीला गोखलेकाकूंच्या पाठीतून चर्र आवाज आला आणि त्या पदर लपेटून भिंतीला टेकल्या. झिम्म्याला टाळीसाठी हात वर गेले आणि एकदम चार शिवणी गेल्या. सुनंदाताईचं पहिलं हुक परीक्षकांच्या टेबलापर्यंत पोचलं. मग सगळ्याच जणी कोपर बरगडीला घट्ट लावून, शाळेच्या प्रार्थनेसारख्या रांगेत उभ्या राहून गाऊ लागल्या. हात हलवता येणारी त्या रंगमंचावर मी एकटीच उरले होते. मागच्या रांगेतली, डावीकडून शेवटची. गाणं तर थांबवता येत नव्हतं. मी एकटीने जमेल तेवढी बसफुगडी घातली. सात मिनिटं. माझे गुडघे त्यानंतर माझ्याशी नीट बोललेले नाहीत.

आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, 'संयत सादरीकरणासाठी'.

परतीच्या गाडीत सगळ्या पदर घट्ट लपेटून बसल्या होत्या. उतरताना सुनंदाताई एवढंच म्हणाली, "तुझं तेवढं छान बसलंय." नणंदेने असं म्हटल्यावर त्या घरात व्यवसाय चालत नाही. मी घरी आले, पाटी उतरवली आणि मशीनवर चादर टाकली. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने पाटी कुठे गेली म्हणून विचारलं. माझ्या व्यवसायाची चौकशी करणारा तो एकमेव माणूस.

सोमवारी ऑफिसात गेले. हट्टाने ते जांभळं ब्लाउज घालून गेले. शिक्षा म्हणून म्हणा, किंवा कुणीतरी वीस वर्षं जपलंय म्हणून म्हणा. खुर्ची जागच्या जागी होती, वर धूळसुद्धा नव्हती. मॅडमनी काही न विचारता फायलींचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. मी हात लांबवला, तर उलट्या बाहीमुळे तो अर्ध्यातच अडकला. शेवटी खुर्चीच टेबलाकडे ओढून घेतली.

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं.

"बाह्या उलट्या बसवल्यात हो. कुठल्या टेलरकडे टाकलं होतंत? जाऊन भांडा जरा तिच्याशी."

"भांडले, मॅडम," मी म्हणाले. "तिने दुकानच बंद केलं."