बांधावरचा तेरडा

अख्खा शिरूर तालुका बांधावरचं तण मारायला औषध आणतो. तेच तण उगवावं म्हणून पाणी घालणारा इसम एकच, आणि तो नेमका माझ्या बांधाला यावा हे माझं नशीब! आप्पांचं शेत माझ्या कांद्याला लागून. मधल्या बांधावर त्यांनी कुर्डू, सोनकी, तेरडा असलं रानात आपसूक येणारं सगळं हौसेनं पेरलेलं. मी पंप पाठीवर घेतला की हे आडवे. "आधी माझ्यावर मारा औषध!" माझी पाठ वळली की माझ्या ठिबकची नळी तेरड्याकडे वळलीच. बोललो तर वर ऐकवतात, "कांदा काय, तळेगावच्या बाजारात बी मिळतो. ह्यो मिळंल का?"

तेरड्याचं बोंड पिकलं की बोट लागताच फुटतं आणि बी उडून जातं. म्हणून त्यांनी बोंडांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. झालं! त्या चिंध्या बघून माझ्या चुलतभावाला वाटलं, मी त्याच्यावर करणी केली. दिवाळीपर्यंत बोलला नाही माझ्याशी.

कुर्डूची तऱ्हा निराळी. माझ्याकडे खुरपायला आलेल्या बायका कोवळे शेंडे भाजीला खुडत होत्या. आप्पा धावले, "अगं, फुलं येनार हायती त्याला!"

"म्हनून तर आत्ता खुडतोय, आप्पा. फुलल्यावर निबर हुतंय."

त्याच बायकांनी यंदा गौरी तोंडावर आल्या असताना, माझ्यावर उपकार म्हणून, बांधही खुरपून लख्ख केला. आप्पा वाकून एखादं तरी रोप उरलंय का बघत बांधभर फिरले. आप्पांच्या बायकोचं, काकूंचं, माहेर भीमाशंकरकडचं. त्यांच्यात तेरड्याचीच गौर बसवायची. दर वर्षी काकूंचा भाऊ तेरडा घेऊन यायचा. तो वारला, पुढं काकूंनी अंथरूण धरलं, माणसांची ओळखही राहीना. पण भाद्रपद आला की त्या दाराकडे बघत राहतात. तेव्हापासून आप्पांचा हा उद्योग, आणि म्हणूनच मीही सोसतो.

बायकांवर चरफडत मी उपटलेल्या ढिगात हात घातला. तळाशी मूठभर रोपं सापडली, गुलाबी फुलं अजून ताजी. आम्ही ती तशीच आप्पांच्या घरी नेली.

काकूंनी ती गालाशी धरली. "दादानं आनला व्हय?"

मी आप्पांकडे पाहिलं.

"व्हय," आप्पा म्हणाले. "त्योच आल्ता. तू निजली व्हतीस."

आणि रोपं ठेवायला तांब्या आणतो म्हणून ते आत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.