मुक्ताबाईचा हुंकार

राक्षसाने ओरडू नये, हे मुक्ताबाई महांगडेचं ठाम मत होतं. ज्याच्या अंगात बळ असतं तो हळू बोलतो, असं ती म्हणे, आणि दाखला म्हणून कोरेगावकडच्या आपल्या गावातल्या एका पैलवानाचं नाव घेई. तिला कॅसेटवर पुस्तकं पाठवणाऱ्या लायब्ररीत एक निवृत्त मास्तर वाचायचे, ते राक्षसाचं बोलणं घसा खरवडून काढायचे. त्यांच्याबद्दल तिचं म्हणणं एवढंच, "त्येला राक्षस नगं, आल्याचा काढा पायजे."

शाळेची पायरी न चढलेल्या बाईने शिकल्यासवरलेल्यांच्या वाचण्यात खोड्या काढाव्यात, हे काही लोकांना रुचायचं नाही. मुक्ताबाईला त्याचं काही नव्हतं. आमटी खारट झालीय हे सांगायला मिठागर विकत घ्यावं लागत नाही, असं तिला वाटे, आणि मला विचाराल तर तिचं बरोबर होतं.

नेरूळला सिडकोच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ती मुलाजवळ राहायची. मुलगा किसन तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी, सून मीना घरी शिवणकाम करणारी. ब्याण्णव साली काचबिंदूने मुक्ताबाईचे दोन्ही डोळे गेले आणि पुढचं वर्षभर ती भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. मग दवाखान्यातल्या एका बाईने वाशीच्या लायब्ररीचा पत्ता दिला. तिथे डोळस माणसं अंधांसाठी पुस्तकं वाचून कॅसेटी भरायची आणि त्या पोस्टाने घरी यायच्या. किसनने टू-इन-वन आणला. मीनाने त्याच्या बटणांवर टिकल्या चिकटवल्या. चालू करायला बारकी, थांबवायला मोठी, आणि कॅसेट भरायच्या बटणावर तांदळाचा दाणा, म्हणजे तिथे चुकून बोट जायला नको.

लायब्ररीवाल्यांनी तिचं वय बघून आधी देवाधर्माचं पाठवलं, नंतर दुःखाच्या कादंबऱ्या. दोन्ही तिने परत केली. "रडायचं माझं मला पाठ हाय," ती मीनाला म्हणाली. "मला त्यो उडता घोडा नि जादूगार असलेलं मागीव." तेव्हापासून त्या घरात जादूगार नांदू लागले. दुपारी मीनाचं मशीन चालायचं आणि पलीकडच्या खोलीत कुणीतरी डोंगर फोडून परी सोडवत असायचं.

वाचणाऱ्यांना ती नावाने नाही, खोडीने ओळखायची. एक बाई राजा मेला काय आणि जेवला काय, एकाच सुरात सांगायची. एक जण गमतीची जागा यायच्या आधीच स्वतः हसून मोकळा व्हायचा, त्याच्यावर तर तिचा भारी राग. पण सगळ्यांत मोठा दोष तिच्या लेखी वेगळाच होता. कुणी हुंकाराला जागा सोडत नव्हतं.

तिच्या गावात शेंगा फोडायला बायका एकत्र बसल्या की गोष्ट चालायची, आणि सांगणारीसमोर एकीने हुंकार द्यायचा असा रिवाज होता. प्रत्येक वाक्याला "हं". हुंकार थांबला की सांगणारीने तोंड मिटायचं, मग तिथे राजकन्या बुडत असली तरी हरकत नाही. मुक्ताबाई नऊ वर्षांची असल्यापासून हुंकाराला बसे. तिच्या हुंकाराने गोष्ट धावते, असं म्हाताऱ्या म्हणत आणि तिला मुद्दाम बोलावून नेत. आयुष्यात कुणी मुद्दाम बोलवावं असा तेवढाच एक गुण तिच्या अंगी होता, असं ती मानायची.

ती कॅसेटलाही हुंकार द्यायची, चांगला मोठ्याने. पण यंत्र कशाला थांबतंय? तिचा "हं" पुढच्या वाक्यावर आपटायचा आणि ते वाक्य वाया जायचं. शेजारच्या वेणूबाईंनी हे खिडकीतून ऐकलं आणि सोसायटीभर झालं की किसनची आई एकटीच बडबडते. किसनच्या कानावर आलं तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आये, गप ऐकत जा की," तो म्हणाला. "लोक हसत्यात."

"हसू देत. त्येंच्या घरात कोन येतंय जादूगार?"

शहाण्णव साली 'सात पाताळांची चावी' हे पुस्तक सुरू झालं. एकूण अकरा कॅसेटी व्हायच्या होत्या, एकेक भरून होईल तशी यायची, आणि वाचणारी नवी होती, उज्वला तांबे. पहिल्या पाच मिनिटांतच मुक्ताबाई सावरून बसली. पोरीचा आवाज स्वच्छ होता, घोडा पळाला की वाक्यही पळायचं. राक्षसाला मात्र तीही ओरडायला लावायची, आणि तीही श्वास न घेता पुढे जायची. इतकी गुणाची पोर आणि एवढ्याशा गोष्टीने वाया जातेय, याने मुक्ताबाईचा जीव तळमळू लागला.

प्रत्येक कॅसेटच्या शेवटी लायब्ररीचे सेक्रेटरी सांगायचे, आपलं मत जरूर कळवा. किसनला पत्र लिहायला सवड नसे. मीना लिहायची, पण ती सगळं गोड करून लिहायची, "आपले वाचन आवडले" वगैरे. तेव्हा मुक्ताबाईने ठरवलं की आपलं मत आपणच कळवायचं, तेही कॅसेटच्या शेवटी उरलेल्या कोऱ्या जागेत.

आठव्या कॅसेटला राजपुत्र सहाव्या दरवाजापाशी पोचला. त्याने चावी फिरवली. दार करकरलं. "आणि आत पाहतो तो," उज्वला म्हणाली, आणि सगळं शांत झालं. पाच सेकंद, दहा सेकंद. मुक्ताबाईला वाटलं कॅसेट संपली, पुढचं आता नवव्या कॅसेटला. तिने मोठी टिकली दाबली, तांदळाचा दाणा चाचपला, बारक्या टिकलीसकट दाबला आणि मन मोकळं केलं.

"बाय, तुजा आवाज लई ग्वाड हाय. पर तू एकटीच बोलतीस. समोर कुनी बसलंय आसं वाचत न्हाईस. मानसाला हं म्हनायला जागा ठीव. आनि राक्षसाला वरडाय लावू नगं." असं चार मिनिटं चाललं. त्यात पैलवानही येऊन गेला.

कॅसेट संपलेली नव्हती. उज्वला पाणी प्यायला थांबली होती, आणि यंत्र तसंच चालू राहिलं होतं. आठ कॅसेटींत तिने एकदाच जागा सोडली आणि नेमक्या त्याच जागेत मुक्ताबाई तिला जागा सोडत नाहीस म्हणून बोलली. कॅसेटच्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन तुकडे मोडले की तिच्यावर दुसरं काही भरलं जात नाही. या कॅसेटचे ते मोडायचे राहून गेले होते. सहाव्या दरवाजाआडचं सगळं पुसलं गेलं, आणि दुसरी प्रत नव्हती.

कॅसेट पोस्टाने परत गेली, आणि तीन आठवड्यांनी लायब्ररीचं पत्र आलं. मीनाने वाचून दाखवलं. सभासदाने ग्रंथालयाच्या मालमत्तेचं नुकसान केल्यामुळे पुढील निर्णयापर्यंत कॅसेटी पाठवणं बंद करण्यात येत आहे. मुक्ताबाईने ते दोनदा वाचायला लावलं.

"आत्या, माफीचं लिहू का?" मीनाने विचारलं.

"चुकीची माफी लिव्ह. मताची लिवू नगं," मुक्ताबाई म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

ते बसणं किसनने आधी एकदा पाहिलं होतं. पुन्हा वर्ष असंच जाणार की काय, म्हणून कामावर निघताना तो दारातून वळून बघायचा. पोस्टमन आला की तिची मान वळायची आणि तो पुढे गेला की परत फिरायची. टू-इन-वनवर मीनाने फडकं टाकलं. जादूगार गेल्याने घर एकदम मोठं वाटू लागलं, आणि किसनला आठवलं की गप ऐक असं आपणच तिला सांगत होतो.

एका शनिवारी दुपारी दारात एक बाई आली. खांद्याला पिशवी, पिशवीत पुस्तक आणि रेकॉर्डर. "मी उज्वला तांबे. महापेला कंपनीत असते. तुमचं मत ऐकलं, मावशी."

मुक्ताबाई जागची हलली नाही. "राग आला?"

"आला होता. आठ दिवस होता. मग जागा सोडून वाचायला बसले, तर किती सोडायची ते कळेना. समोर भिंत असते हो. लायब्ररीने तो सहाव्या दरवाजाचा भाग पुन्हा वाचून मागितलाय. म्हटलं, इथेच वाचावा."

मीनाने शिवणाचं मशीन थांबवलं, पंखा बंद केला, खिडकी लावली. मुक्ताबाई तोंड धुऊन आली आणि मांडी घालून समोर बसली. गावाकडे बसायची तशीच. उज्वलाने रेकॉर्डर चालू करून एक वाक्य वाचलं. "हं," मुक्ताबाई म्हणाली. दुसरं वाचलं. "हं." तिसऱ्या-चौथ्यानंतर उज्वलाचा आवाज बदलला. आधी पुस्तकाकडे बघून वाचणारी ती आता त्या म्हातारीच्या तोंडाकडे बघून सांगू लागली. कधी हुंकार लवकर यायचा, मग ती पळायची. कधी तो लांबायचा, मग तीही रेंगाळायची.

दार उघडलं. आतून राक्षस अगदी हळू म्हणाला, "दार लावून घे बाबा, वारा येतो." मुक्ताबाई हुंकार द्यायला विसरली. उज्वला थांबून राहिली. कॅसेट तशीच फिरत होती.

लायब्ररीचे सेक्रेटरी सिताराम घरत जन्मांध होते. मूळचे तिथल्याच करावे गावचे आगरी, पण बोलणं हेडमास्तरांचं. कॅसेटवर वाचकाखेरीज दुसरा आवाज आला की ते कॅसेट परत करायचे. कुकरची शिट्टी, कुत्रं, कोकिळा, त्यांना सगळं सारखं. उज्वलाच्या कॅसेटवर तर माणूस होता. त्यांनी उज्वलाला आणि मुक्ताबाईला एकाच दिवशी बोलावलं.

किसनने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आईचा हात धरून वाशीला घेऊन गेला. ऑफिसात तो खालमानेने दाराजवळच उभा राहिला.

"तुम्ही आधी आमचं पुस्तक पुसलंत," सिताराम म्हणाले. "आता त्यात बोलताय."

"पुसलं ही चूक झाली. माफी मागती," मुक्ताबाई म्हणाली. "बोलले ती चूक न्हाई. मला कॅसेटी देऊ नका वाटल्यास. पर ह्या पोरीचं ह्ये वाचन टाकू नका. आसं वाचनारं तुमच्याकडं एक बी न्हाई, मी सगळी ऐकल्यात."

किसनने मान वर केली. आईला इतक्या ताठ आवाजात परक्या माणसाशी बोलताना त्याने कधी ऐकलं नव्हतं. आपण तिला हसण्यावारी नेत आलो, याची त्याला त्या क्षणी खरोखर लाज वाटली.

"आपण ऐकू," सितारामांनी कॅसेट लावली. "हं" आला. त्यांच्या कपाळावर आठी पडली. दुसरा आला, दहावा आला. मग आठी कुठे गेली ते त्यांनाही कळलं नसावं. ते खुर्चीत पुढे सरकले. चावी फिरली, दार करकरलं, राक्षस हळूच बोलला, आणि ती रिकामी जागा आली. कॅसेटवरची मुक्ताबाई हुंकार विसरली होती. ऑफिसातली मुक्ताबाई ओठ दाबून बसली होती.

"हं," सिताराम घरत म्हणाले, आणि पुढचं थेट करावेच्या बोलीत. "मंग काय झाला?"

आणि तेवढ्यात कॅसेटवरची उज्वला पुढे सांगू लागली.

भाग संपल्यावर त्यांनी चाचपून यंत्र बंद केलं. मग पुन्हा हेडमास्तर होऊन त्यांनी विचारलं, "तांबेबाई, उरलेल्या तीन कॅसेटी कुठे वाचणार?"

"नेरूळला," उज्वला म्हणाली.

"नियम आहे तो आहेच. कुकर चालणार नाही," ते म्हणाले. "आणि महांगडेबाई, नवीन वाचक येतील त्यांना आधी तुमच्यासमोर बसवीन म्हणतो. तुम्हाला जमेल का?"

"शनिवार सोडून जमंल. शनिवार ह्या पोरीचा," मुक्ताबाई म्हणाली.

महिन्याभराने आठवी कॅसेट पुन्हा पोस्टाने आली. किसन सकाळपाळी करून नुकताच जेवायला बसला होता. मुक्ताबाईने बटण दाबलं, आणि पुस्तकाच्या आधी सितारामांचा आवाज आला. "सात पाताळांची चावी. कॅसेट आठवी. वाचक, उज्वला तांबे. हुंकार, मुक्ताबाई महांगडे, नेरूळ."

रेशनकार्डाबाहेर तिचं नाव आजवर कुठे लागलं नव्हतं. तिने कॅसेट थांबवली. मान जरा वर करून बसून राहिली. मीना डोळे पुसत होती.

किसन पानावरून उठला. हात धुतला, दार उघडलं आणि जिन्यातून अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "वेणूकाकू, जरा या हिकडं. सगळ्यांना घिऊन या. आमची आई लागलीय."

मुक्ताबाईने पदर सारखा केला आणि कॅसेट सुरुवातीपर्यंत मागे फिरवली.